एका हाताचे नऊ फोटो

नखं रंगवायच्या धंद्यात एक शिस्त पाळावी लागते, असं नखताईला तिच्या गुरुबाईनं पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. गिऱ्हाइकाची दहा नखं एकाच वेळी उघडी पडता कामा नयेत. एका बोटाचा जुना रंग पुसायचा, लगेच त्यावर अस्तराचा हात द्यायचा, नवा रंग चढवायचा आणि मगच शेजारच्या बोटाकडे वळायचं. "बायका इथं येतात त्या आपली नखं विसरायला," गुरुबाई म्हणायच्या. "पिवळी पडलेली, चिरलेली, डागाळलेली नखं त्यांच्यापुढे मांडून तू त्यांचं काय भलं करणार? डाग दिसला तर तोंडातून ब्र काढायचा नाही. झाकायचा." गुरुबाई जाऊन पंधरा वर्षं झाली, पण किल्लीवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या दुकानात त्यांची शिस्त सुखरूप होती.

नखताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गिऱ्हाइकांनी ते पाडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर यायचं. डाग झाकण्यात तिचा हात धरणारी बाई त्या भागात नव्हती, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. कुणी कौतुक केलं की ती वरवर "छे हो" म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत खुशीत असायची.

तिची धाकटी बहीण बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायची. खिडकीची काच धुरकट, खाली वीतभर फट. त्या फटीतून लोकांना दिसायचे ते फक्त हात. वीस वर्षं रोज हजारभर माणसं धाकटीला भेटत होती, पण रस्त्यात समोरून आली तर एकानंही ओळखलं नसतं. "माझं तोंड दिसलं तर लोक चालत जातील," ती म्हणायची, "हात बघून रांगेत थांबतात." हात होतेच तसे. लांब बोटं, गुळगुळीत पेरं, आणि दर रविवारी दुकान बंद असताना थोरलीनं रंगवलेली नखं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी धाकटीच्या डाव्या अंगठ्याचा रंग पुसताना नखताईला एक रेघ दिसली. पेन्सिलीनं ओढावी तशी तपकिरी, नखाच्या मुळापासून टोकापर्यंत. तिकिटांच्या ड्रॉवरमध्ये अंगठा सापडला असेल, रक्त साकळलं असेल, नख वाढेल तसं निघून जाईल, असं तिनं मनाशी ठरवलं आणि अस्तराचे दोन हात दिले. अंगठ्याचं नख मुळापासून टोकाला यायला किती महिने लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सहा झाले, आठ झाले, वर्ष उलटलं. रेघ जागची हलली नाही. नखताईनं अस्तराचे तीन हात द्यायला सुरुवात केली.

धाकटीनं ती रेघ कधी पाहिलीच नाही. तिचा अंगठा थोरलीच्या मुठीत असायचा, वर ओला कापूस असायचा, आणि तोंडानं ती एखाद्या भांडखोर प्रवाशाची नक्कल करत असायची. कापूस निघाला की पाच-सात सेकंदांत अस्तर चढलेलं. ते नख उघडं पाहणारं जगात एकच माणूस होतं.

रेघेला दोन वर्षं होत आली, तेव्हा संग्रहालयातल्या मॅडम दुकानात आल्या. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तोच टेबलावर शोधत बसायचं, अशी त्यांची तऱ्हा. नखं रंगवण्याच्या इतिहासावर त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. जुन्या डब्या, कानशी, चित्रं जमली होती, पण त्यांना शिवाय नऊ काळांतली नऊ रंगकामं खऱ्या हातावर करून त्यांचे फोटो हवे होते.

"हात मात्र एकच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "काळ बदलताना दिसला पाहिजे, बाई नाही. हात बदलला की सगळं मुसळ केरात."

"हात आहे माझ्याकडे," नखताई म्हणाली.

"आणि दारापाशी पाटी लागेल. नखकाम, आणि खाली तुमचं नाव. पूर्ण नाव."

हे ऐकून नखताईला रात्री नीट झोप लागली नाही. गुरुबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांवर वाकून वाकून गेल्या, पण त्यांचं नाव कुठं लागलं नव्हतं.

एक शनिवार आड दुपारी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत काम चालायचं. छताला काच होती, तिच्यातून पडणाऱ्या उजेडात टेबलावर करडं कापड आणि त्यावर धाकटीचा डावा हात. फोटोग्राफर मोजकं बोलणारा. "हलू नका" आणि "ऊन जातंय" एवढंच काय ते त्याच्या तोंडून यायचं. मॅडम शेजारी बसून त्या त्या काळाविषयी सांगायच्या.

पहिल्या फोटोला मेंदीचा रंग, पुढच्या फोटोंत डाग राहू नये म्हणून अस्तरावरच दिलेला. हजारो वर्षांपूर्वी नाईलकाठी पुरलेल्या मृतदेहांची नखंसुद्धा अशी रंगवलेली सापडली आहेत, असं मॅडमनी सांगितल्यावर धाकटी म्हणाली, "बघ ताई, तिथंही तुझ्यासारखं कुणीतरी असणार. मेल्यावरसुद्धा सोडत नाही." दुसऱ्या फोटोत हिरवा, तिसऱ्यात काळा. बाबिलोनचे पुरुष नखं रंगवायचे म्हणे. वरच्या दर्जाचे काळी, खालचे हिरवी.

"पुरुष? मग लढाईला निघण्याआधी नखं वाळेपर्यंत थांबायचे?"

"किती खरं आणि किती मागून रचलेलं, ते मला विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "असं सांगतात एवढंच मी लिहिणार."

चौथ्या फोटोला नखताईनं चिनी कृतीचा लेप स्वतः घोटला. मेण, अंड्याचा पांढरा बलक, डिंक, फुलांच्या पाकळ्यांचा रस. खोलीभर वास सुटला आणि लेप वाळता वाळेना. राण्यांना तिकिटं फाडायची नसतात म्हणून हे जमत असेल, असं धाकटीचं मत पडलं. पाचव्याला सोनेरी, तोही चीनचाच. तिथं म्हणे कुठले रंग कुणी लावायचे हेही ठरलेलं होतं. राजघराण्याचा रंग साध्या बाईनं लावला तर जिवावर बेतायचं, असंही सांगतात.

"एवढ्याशा नखापायी?" धाकटी म्हणाली. "मग मी आपली हिरवीच बरी."

सहाव्यात रंगच नव्हता. तेल, भुकटी आणि मऊ कातड्यानं घासून आणलेली चकाकी. नखताईनं अंगठ्यावर आधीच नखाच्या रंगाचा पातळ हात देऊन ठेवला होता. मॅडमना कळलं नाही, फोटोग्राफरला कळलं नाही, आणि नखताईला आपल्या हाताचा अभिमान वाटला. ते लिहायला नको वाटतं, पण वाटला.

सातवा फोटो शंभरेक वर्षांपूर्वीच्या बाईचा होता. तेव्हा मोटारींना द्यायचा चकचकीत रंग निघाला होता, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा नखांवर का नको. फॅशन अशी, की लाल रंग फक्त मधे द्यायचा. नखाच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते ती उघडी, आणि टोकही उघडं.

"अस्तर नको हं त्या भागावर," मॅडम म्हणाल्या. "चंद्रकोर अगदी कोरी दिसली पाहिजे."

करंगळीपासून चार नखं झाली. नखताईनं अंगठा हातात घेतला, कापूस फिरवला, आणि वरून सरळ पडलेल्या उजेडात मूळ पाहिलं. रविवारी दुकानात पिवळ्या दिव्याखाली ती ते पाच सेकंद बघायची. इथं ते तिला नीट दिसलं. रेघ आता पेन्सिलीची राहिली नव्हती, पट्टा झाला होता. आणि तो नखाची हद्द ओलांडून कडेच्या कातडीवर उतरला होता. सव्वीस वर्षांत तिनं साकळलेलं रक्त शेकड्यांनी पाहिलं होतं, बुरशी पाहिली होती, लाटण्यानं चेचलेली नखं पाहिली होती. त्यातलं काहीही कधी कातडीवर उतरलं नव्हतं.

धाकटी मॅडमना विचारत होती, की मोटार रंगवणारा आणि नखं रंगवणारी एकाच दुकानातून माल घ्यायचे का.

"ऊन जातंय," फोटोग्राफर म्हणाला.

आणि नखताईच्या हातानं, सव्वीस वर्षं जे केलं तेच केलं. तिच्या पेटीत ओरखडे झाकायची कातडीच्या रंगाची नळी होती. बारीक ब्रशनं तिनं कातडी झाकली, मग चंद्रकोर पांढरी केली, मग मधे लाल भरला. झाकल्याचं तिचं तिलासुद्धा ओळखू आलं नसतं.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"झालं."

त्या रात्रीपासून पुढचे पंधरा दिवस नखताईनं डोळ्यांवर कातडं ओढून काढले. बोलले तर दवाखाना आला, अंगठ्याला पट्टी आली, फोटो थांबले, दुसरा हात आला, म्हणजे सातही फोटो पाण्यात. दोनच तर राहिलेत. दोन वर्षं काही झालं नाही, पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय? असं ती स्वतःला सांगायची आणि स्वतःचंच तिला पटायचं नाही. मधल्या दोन रविवारी धाकटी आली, गप्पा मारून गेली. दोन्ही वेळा अस्तराचे चार हात बसले. आठवा फोटो पुरा लालभडक झाला, सुरेख झाला.

मग मॅडमनी नववा सांगितला. "शेवटी काहीच नको. कोरी नखं. सगळ्याच्या आधीही हेच होतं आणि आता पुष्कळ जणी पुन्हा इथंच आल्यात."

आता झाकायला वावच नव्हता. नखताईनं दुसऱ्या दिवशी, रविवारी, तोंड उघडलं ते सद्बुद्धी सुचली म्हणून, असं म्हणवत नाही. वाट संपली म्हणून उघडलं.

"अंगठ्यावर काहीतरी दिसतंय मला," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून येऊ."

"कधीपासून?"

"आत्ताच दिसलं."

डॉक्टरांनी अंगठा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "ही रेघ कधीपासून आहे?"

"मला काय विचारता?" धाकटी हसत म्हणाली. "माझी नखं हिच्या ताब्यात असतात."

दोघंही नखताईकडे बघायला लागले. "दोन वर्षं," ती म्हणाली. "रेघ दोन वर्षं आहे. ते कातडीवरचं आत्ता दिसलं. परवा."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "दोन वर्षं तुम्ही यावर रंग लावत होता?"

"तिनं काही वाईट मनानं केलं नाही हो," धाकटी मधेच बोलली. "तिचं कामच आहे ते." तिचं हसू मावळलं होतं, पण आवाज थोरलीची बाजू घेणारा होता. लहानपणी बाप ओरडायला लागला की ती अशीच पुढे व्हायची.

डॉक्टर म्हणाले, की हे आठ-पंधरा दिवसांचं प्रकरण नाही, पंधरा दिवसांनी यात फारसा फरक पडत नाही. दोन वर्षांनी पडतो. एवढे दिवस नखताईला जाळत होते ते नेमके ते पंधरा दिवस. त्यांना डॉक्टरांनी मोजलंच नाही. ज्या दोन वर्षांत ती सुखानं झोपली होती, त्यांवर बोट ठेवलं.

तुकडा तपासला तेव्हा कॅन्सर निघाला, आणि अंगठा वरच्या पेरापासून काढला. जखम भरल्यावर धाकटी कामावर गेली आणि दोन दिवसांत तिनं खिडकी सोडून मागच्या टेबलावर काम मागून घेतलं. तिकीट घेता घेता लोक गप्प होतात, म्हणाली. तेवढं सोडलं तर ती थोरलीला उणादुणा शब्द बोलली नाही. रविवारी यायची, नऊ नखं रंगवून घ्यायची आणि भांडखोर प्रवाशांऐवजी मागच्या टेबलावरच्या कारकुनांच्या नकला करायची. नखताईला वाटायला लागलं होतं, की जे पोटात आहे ते आता पोटातच राहील.

प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा मॅडम रविवारी, धाकटी असताना, चाचरत दुकानात आल्या. नववी चौकट रिकामी आहे. दुसरा हात चालेल का, तुमची परवानगी असेल तर.

"दुसरा कशाला?" धाकटी म्हणाली. "माझाच घ्या. कोरा हवाय ना? आहे त्याहून कोरा कुठं मिळणार तुम्हाला?"

दोघी संग्रहालयात गेल्या तेव्हा आठ फोटो दालनात ओळीनं लागले होते, प्रत्येकाखाली काळ, कृती आणि फोटो काढल्याची तारीख. धाकटी एकेकापुढे थांबत चालली. मेंदीपाशी हसली. हिरव्यापाशी म्हणाली, "ही मी." सहाव्यापाशी जरा रेंगाळली. सातव्यापाशी आली आणि पुढे सरकेना.

"ताई, इकडे ये."

नखताई जाऊन उभी राहिली.

"चंद्रकोर उघडी आहे इथं."

"हं."

"तारीख बघ. डॉक्टरांकडे गेलो त्याच्या पंधरा दिवस आधीची." तिनं काचेवर उजव्या हाताचं बोट टेकवलं, अंगठ्याच्या मुळाशी. "दोन वर्षं रेघ होती म्हणालीस. मग इथं का नाही?"

फोटोत नीट आली नसेल, उजेड वेगळा होता, असं काहीही सांगता आलं असतं. धाकटीनं विश्वास ठेवला असता, तिनं कधी ठेवला नव्हता? नखताईच्या जिभेवर शब्द आलाही होता.

"होती," ती म्हणाली. "कातडीवर उतरली होती तीही दिसली मला त्या दिवशी. झाकली."

"कशाला?"

"फोटो अडले असते."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. "किती छान झाकलंस," ती म्हणाली. "मी इथंच बसले होते, माझाच हात होता, आणि मला कळलं नाही."

"डॉक्टर म्हणाले ना, पंधरा दिवसांनी फरक पडत नाही..."

"मला पडतो."

मग ती मागच्या खोलीत जाऊन करड्या कापडापुढे बसली आणि दोन्ही हात पुढे केले. "पूस. एकेक नको, नऊही एकदम." नखताईनं पुसली. वीस वर्षांत पहिल्यांदा धाकटीनं आपली सगळी नखं उघडी पाहिली. किंचित पिवळसर होती, उभ्या बारीक रेषा होत्या, साध्या बाईची साधी नखं. तिनं डावा हात कापडावर ठेवला. चार नखं आणि शेजारी शिवणीचा बोथट अंगठा. फोटोग्राफर हलू नका म्हणाला नाही. मॅडमचा चष्मा त्या दिवशी डोळ्यांवरच होता, आणि त्या तो सारखा पुसत होत्या.

दारापाशी पाटी लागली. नखकाम, आणि खाली पूर्ण नाव. नखताईनं ती काढा म्हणून दोनदा निरोप धाडला. मॅडमनी काढली नाही.

दुकानातली शिस्त त्या आठवड्यात मोडली. आता ती पहिल्यांदा दहाही नखं पुसते, पांढऱ्या दिव्याखाली धरते आणि जे दिसेल ते तोंडावर सांगते. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. बायका येतात नटायला आणि तू त्यांना तपासायला लागलीस, असं किल्लीवाला बोलूनही गेला.

तीन रविवार धाकटी आली नाही. चौथ्याला आली. रंगाच्या बाटल्यांकडे बघितलंही नाही, हात दिव्याखाली ठेवले आणि म्हणाली, "सांग." नखताई एकेक बोट धरून सांगायला लागली. करंगळी, स्वच्छ. अनामिका, स्वच्छ. नऊही झाली की धाकटी उठून जायची. गप्पा नाहीत, नकला नाहीत. असं सात महिने चाललं, आणि नखताई त्या पाव तासासाठी आठवडा काढायची.

मग एका रविवारी धाकटी आली तेव्हा तिच्या पिशवीत दवाखान्याचा मोठा पिवळा लिफाफा होता. तो तिनं टेबलाच्या कडेला ठेवला.

"फुप्फुसात आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे. फार दिवस नाहीत म्हणतात." आणि हात दिव्याखाली सरकवले. "सांग."

नखताईनं करंगळी धरली. "स्वच्छ." अनामिका धरली. "स्वच्छ." एकही बोट तिनं गाळलं नाही. पिवळेपणा केव्हाच गेला होता, नऊही नखं गुलाबी, नितळ, अगदी निरोगी होती, आणि नवव्याला ती दोन्ही हातांवर कपाळ टेकून रडायला लागली.

धाकटीनं तिला रडू दिलं. मग एक हात सोडवून घेतला आणि रिकाम्या बोटांनी फळीकडे खूण केली.

"लाल काढ."

"आता?"

"आता झाकायला काही राहिलं नाही ना? मग लाव. त्या सातव्या फोटोसारखी. मूळ उघडं ठेव, मला दिसलं पाहिजे."

नखताईनं बारीक ब्रश घेतला. दोनदा रंग कातडीवर गेला आणि तिनं तो पुसला नाही. नऊही नखांच्या चंद्रकोरी तिनं उघड्या ठेवल्या. ज्या बोटांना त्या दिसत नव्हत्या, तिथंही तेवढी जागा सोडली.